अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

परवा माझ्या नातीनं केक केला आणि त्याचा तुकडा माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "आजी, फ्रॉम स्क्रॅच बनवलाय हं. पाकिटातला नाहीये." मी हसले. केक फसलाय म्हणून मी हसले असं वाटून ती रुसली. कोलकात्यात जन्मलेली ही मुलगी मराठी वापरते ती पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखी, जपून आणि क्वचित. त्यामुळे तिला काही समजावून सांगायचं तर माझं अर्धं हिंदी, पाव बंगाली आणि उरलंसुरलं इंग्रजी कामाला येतं. मी सांगायला बसले खरी, पण मध्येच तिचा फोन वाजला आणि ती न्यू टाऊनमधल्या तिच्या घराच्या उंच गॅलरीत निघून गेली. गोष्ट राहिली केकच्या उरलेल्या तुकड्यासारखी. तेव्हा ती इथं सबंध लिहून काढते. कागदाला निदान फोन येत नाही.

फ्रॉम स्क्रॅच हे माझ्या बाबांचं लाडकं वाक्य. बाबा बँकेत अधिकारी होते आणि आमचं घर म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नांदेड, हुबळी, भोपाळ असं करत आम्ही कलकत्त्याला पोचलो तेव्हा मी आठवीत होते. प्रत्येक नव्या घराच्या रिकाम्या खोलीत उभं राहून बाबा हातावर हात चोळायचे आणि म्हणायचे, "चला, फ्रॉम स्क्रॅच." मग ते ऑफिसला जायचे. स्क्रॅच मागे राहायचा तो आईकडे. नव्या खिडक्यांना जुने पडदे आखूड पडायचे, दूधवाला शोधायचा, गिरणी शोधायची, कोणत्या नळाला किती वाजता पाणी येतं ते शोधायचं, आणि हे सगळं सापडून शेजारणीशी मीठ-साखरेची देवाणघेवाण सुरू झाली की बदलीची ऑर्डर यायची. तुळशीचं वृंदावन तर आईनं इतक्या गावांत मागं ठेवलं होतं की बाबा चेष्टेनं म्हणायचे, तुझ्या तुळशी भारतभर आहेत. आई त्यावर हसायची नाही.

कलकत्त्यात आम्हाला बेहालामध्ये घर मिळालं. गल्ली अरुंद, समोर कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याच्या शेजारी बिस्किटांची बेकरी, आणि मोठ्या रस्त्यावरून ट्रामचा खडखडाट. आता तिथून डोक्यावरून मेट्रो जाते. गेल्या वर्षी मी मुद्दाम तिच्यात बसून गेले, आमची गल्ली वरून दिसते का ते बघायला. दिसली नाही, पण बेकरीचा वास येईल अशी खोटी आशा मात्र वाटली. आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली घरमालकीण, जिला सगळी गल्ली मासिमा म्हणायची. मासिमा म्हणजे मावशी. त्या चाळिशीच्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात पान. संध्याकाळ झाली की खालून त्यांचा शंख वाजायचा, आणि पहिल्या दिवशी तो ऐकून बाबा कुठे आग लागली म्हणून जिन्यातून धावत खाली गेले होते.

मी आठवड्याभरातच त्या गावात विरघळले. पत्ता माहीत नसताना लोक घरापर्यंत सोडायला येतात, शाळेबाहेर फुचका नावाची आंबट पाणीपुरी मिळते आणि वर्गात सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालतात, एवढं मला पुरेसं होतं. आईचं मात्र उलट झालं. माझी आई साताऱ्याची, बोलकी, रस्त्यानं जाताना भाजीवालीच्या सुनेची चौकशी करून पुढे जाणारी. इथं तिला एक शब्द कळेना आणि तिचं हिंदी कोणाला कळेना. ती गप्प झाली. आमच्या घरात आईच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसायचाच, त्यामुळे ती गप्प झाल्यावर घर मुकं झालं. आणि यंदा तिनं आणखी एक केलं, तिची मोठी निळी ट्रंक उघडलीच नाही. दोन पातेली, तवा, कुकर, चार ताटं एवढ्यावर संसार चालू. "परत भरायचीच आहे तर उघडायची कशाला," ती म्हणाली. ट्रंकेवर चादर घालून तिनं तिचा बाक केला होता आणि मी त्यावर बसून अभ्यास करायचे.

भाद्रपद जवळ आला तसं एका जेवणात तिनं शांतपणे सांगून टाकलं. गणपती झाले की ती मला घेऊन साताऱ्याला मामाकडे जाणार, माझं शिक्षण तिथंच होईल, बाबांनी इथं एकट्यानं राहावं, सुट्टीत यावं. "मी काही रागावले नाहीये," ती म्हणाली. "माझ्यानं आता परत पहिल्यापासून होत नाही." बाबांनी आमटीची वाटी हातात धरली ती तशीच धरून ठेवली. मला रडू आलं, पण ते मी भातात घातलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं, रागावलेल्या आईला मनवायची युक्ती आम्हा दोघांनाही येत होती.

नेमका त्याच आठवड्यात शाळेत इंग्रजीच्या मिसनी गृहपाठ दिला. फळ्यावर इंग्रजी वाक्प्रचार लिहून दिले, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. त्यातला एक होता स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच. मी मनात म्हटलं, हा तर घरचाच. अर्थ लिहिला, पहिले पाढे पंचावन्न, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करून टाकलं, सगळं करून माणूस परत होता तिथंच येतो. मिसनी त्यावर रेघ मारली. म्हणाल्या, हा हरण्याचा वाक्प्रचार नाही. पूर्वी शर्यतीत जमिनीवर रेघ ओढायचे. काहींना सवलत म्हणून रेघेच्या पुढून पळू द्यायचे. ज्याला काहीच सवलत नाही, तो बरोबर रेघेवर उभा. तो फ्रॉम स्क्रॅच. "आता वाक्य आण, आणि ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं आण." घरी येऊन मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे श्रीगणेशा म्हणतात ना, तसंच." आई पोळी लाटत होती. म्हणाली, "सवलत घेऊन पळणारा कोण आणि रेघेवरचा कोण, ते विचार मिसना." बाबांनी वर्तमानपत्र वर केलं.

गणपती मात्र साग्रसंगीत करायचा असं आईनं ठरवलं होतं. जायचंच आहे तर देवाला नाराज करून कशाला, असा तिचा हिशेब असावा. कलकत्त्यातली चार मराठी कुटुंबं संध्याकाळी आरतीला येणार होती, खालच्या मासिमांनाही बोलावलं होतं, आणि उकडीचे मोदक सगळ्यांना पुरतील एवढे व्हायचे होते. बाबांनी जवळच्याच मूर्तिकाराकडून छोटी मूर्ती आणली. तिचे डोळे इतके लांब आणि पाणीदार होते की आई म्हणाली, "हा तर बंगाली जावई दिसतोय." कित्येक दिवसांनी ती असं काही बोलली होती. मोदकांची पिठी तिनं घरच्याच तांदळाची केली. हा तांदूळ बाबांनी आल्या आल्या पोतंभर आणून टाकलेला. दुकानात त्यांनी आपल्याकडच्या रिवाजानं दाणा दाताखाली धरला, तो कट्कन वाजला, रंगानं पिवळसर, काचेसारखा. बाबा खूश. म्हणाले, "अस्सल जुना तांदूळ. कलकत्त्यात एवढा जुना मिळतो, नशीबच." त्याचा भात फडफडीत व्हायचा आणि त्याला एक वेगळाच वास यायचा, पण त्या काळात आमच्या घरात जे बिघडेल ते इथल्या पाण्यामुळे बिघडतं असा ठराव झालेला होता. आईनं तो धुऊन, सावलीत वाळवून कोपऱ्यावरच्या चक्कीवरून दळून आणला.

चतुर्थीच्या सकाळी स्वयंपाकघरात सारणाचा वास सुटला. ओलं खोबरं, गूळ, वेलची, वरून जायफळ. गूळ इथला होता, थोडा मऊ, पण वास असा की मी सारखी पातेल्याभोवती घुटमळत होते. आईनं उकड काढली, तेलपाण्याचा हात लावून मळायला घेतली, आणि तिच्या कपाळावर आठी आली. पिठाला चिकटपणाच येईना. कशीबशी पारी केली तर कडा चिरल्या, मुखऱ्या पाडायला जावं तर बोटात तुकडा यायचा. तरी तिनं एक घाणा जुळवून उकडायला ठेवला. झाकण काढलं तेव्हा आत एकही मोदक नव्हता. पांढरा भुगा, त्यात सांडलेलं सारण, आणि केळीच्या पानावर गुळाचं तळं. आईनं झाकण खाली ठेवलं आणि ट्रंकेवर जाऊन बसली. "पहिले पाढे पंचावन्न," ती म्हणाली. "इथं माझ्या हातचं काही होत नाही." बाबा सोवळं नेसून पूजेला बसायच्या तयारीत दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मला कळलं ते काय म्हणणार आहेत. मी मान जोरजोरात हलवली आणि माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य गिळलं. ते एवढंच म्हणाले, "दुपारी देवाला गूळखोबरं दाखवू. मोदकांचं संध्याकाळी बघू."

त्याच वेळी मासिमा दूर्वा आणि जास्वंदीची फुलं घेऊन वर आल्या. त्यांनी भुगा पाहिला, आईचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता चिमूटभर कोरडी पिठी घेऊन बोटांवर चोळली. मग सरळ तांदळाच्या डब्यात हात घातला. "ए की गो," त्या म्हणाल्या, "ये तो सेद्धो चाल है." चाल म्हणजे तांदूळ आणि सेद्धो म्हणजे शिजवलेला, हे मला शाळेत डबे खाऊन खाऊन कळत होतं, ते मी आईला सांगितलं. मासिमांनी मग आपल्या हिंदीत सगळं सांगितलं. इथं घराघरांत रोज खातात तो तांदूळ तुसासकट एकदा उकडून, वाळवून मग कांडलेला असतो. म्हणून तो कडक आणि पिवळा. त्याची उकड येत नाही. आणि देवाला तर तो चालतच नाही, कारण तो आधीच एकदा शिजलेला. "ठाकूर को आतप देना होता है. कच्चा. पूरा कच्चा." बाबांनी एक दाणा उचलून पुन्हा दाताखाली धरला आणि कुणाकडे न बघता खाली ठेवला.

आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग पदरही पुरेना. "जुना तांदूळ," ती म्हणाली, "अस्सल जुना तांदूळ." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मराठीतच ती मासिमांना म्हणाली, "मी पण तुमचा हा तांदूळच हो. प्रत्येक गावात एकेकदा उकडून निघालेली. माझा आता मोदक व्हायचा नाही." मासिमांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तसं हिंदीत सांगितलं. मासिमांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "तो मुडी होगा," त्या म्हणाल्या. मुडी म्हणजे चुरमुरे. "मुडी तो सेद्धो चाल का ही होता है. आतप का करके देखो, फूलता ही नहीं." आणि आईच्या पाठीवर थाप मारून त्या खाली गेल्या, त्या आपल्या गुरुवारच्या लक्ष्मीपूजेसाठी ठेवलेला गोविंदभोग तांदूळ घेऊन वर आल्या. बारीक, पांढराशुभ्र, डबा उघडताच खोलीभर वास. आईनं ओंजळीत घेऊन हुंगला. "आंबेमोहरासारखा आहे," ती मला हळूच म्हणाली.

पुढची दुपार ही माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर दुपार आहे. तांदूळ भिजवला, उपसला, धोतरावर पसरून पंख्याखाली ठेवला आणि वीज गेली. त्या काळात कलकत्त्यात वीज जाणं ही बातमी नसायची, आल्यावर मात्र सगळी गल्ली ओरडायची. मासिमांनी खालून ताडाचे पंखे आणले आणि एक बाबांच्या हातात दिला. बँकेचे अधिकारी सोवळ्यात मांडी घालून तांदळाला वारा घालत बसले. मासिमा पाट्यावर तांदूळ रगडायला बसल्या आणि बोलत राहिल्या. त्यांच्याकडे संक्रांतीला खोबरं-गुळाचं सारण भरून पुली करतात, ती आपल्या मोदकाची सख्खी बहीण, फक्त झोपलेली. त्या लहान असताना फाळणीत घर सोडून आईबरोबर सियालदहला उतरल्या, तेव्हा गडबडीत त्यांच्या आईनं हातात काय घेतलं होतं, तर नारळाची खवणी. नारळ नाही, तांदूळ नाही, छप्पर नाही, खवणी आहे. "स्टेशन पे सब पूछते थे, इससे क्या करोगी," मासिमा म्हणाल्या. "माँ बोली, नारकेल भी आयेगा." मग गालात पान ठेवून पुन्हा रगडू लागल्या. मी हे मराठीत सांगत होते आणि आई खोबरं खवता खवता थांबली होती. त्यानंतर या दोघी काय बोलल्या याचं भाषांतर करायची वेळ आली नाही. एक मराठीत विचारायची, दुसरी बंगालीत उत्तर द्यायची आणि दोघींचं बरोबर असायचं.

पिठी तयार झाली, पण चाळायला बारीक चाळणी हवी. मासिमांच्या चाळणीला उंदरानं भोक पाडलं होतं. बाबा उत्साहानं म्हणाले, "माझ्या दुसऱ्या धोतरातून वस्त्रगाळ करू." आई पीठ लागलेले हात तसेच धरून क्षणभर उभी राहिली. धोतरातून झालं असतं, तिलाही ते माहीत होतं. "नको," ती म्हणाली. "शुभा, देव्हाऱ्याच्या खणातून किल्ली आण. निळी ट्रंक उघड." मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बिघडलं असतं अशी दोघांनाही भीती. मी चादर ओढली, कुलूप काढलं. चाळणी अर्थातच तळाशी होती, त्यामुळे वरचं सगळं बाहेर आलं. पितळेच्या समया, मोदकपात्र, सोऱ्या, आईच्या आईची रोळी, भोपाळचे आखूड पडदे. मासिमा प्रत्येक वस्तू उचलून हे काय म्हणून विचारत होत्या आणि आई करून दाखवत होती. सोऱ्यातून हवेत चकली पाडून दाखवताना ती माझ्या साताऱ्याच्या आईसारखी दिसत होती.

संध्याकाळी मोदक झाले. पातळ पारीचे, टोकदार, खाली ठेवले तर हलणारे. काही मासिमांनी केले होते, ते थोडे आडवे पडल्यासारखे दिसत होते, पण देवानं तक्रार केली नाही. आरतीला आमच्या झांजा आणि त्यांचा शंख यांचा ताल एकदाही जुळला नाही. फसलेल्या पिठीची आईनं दुसऱ्या दिवशी घावनं केली आणि खोबऱ्याच्या रसाबरोबर आम्ही ती चाटूनपुसून खाल्ली. दीड दिवसानं गल्लीतल्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, विसर्जन झालं. आम्ही ओरडलो, पुढच्या वर्षी लवकर या. मासिमांनी आपल्याकडची आरोळी दिली, आशछे बछर आबार होबे, येत्या वर्षी पुन्हा होणार. आई हात जोडून उभी होती. तिनं दोन्हींतलं काहीच म्हटलं नाही, आणि मी सबंध वाट तेवढंच मनात घोळवत घरी आले.

ट्रंक उघडी होती. समया देव्हाऱ्यापाशी होत्या. पण साताऱ्याचा विषय आईनं काढला नव्हता आणि आम्ही काढायला धजत नव्हतो. बाबा ऑफिसातून आले की आधी ट्रंकेकडे बघायचे. मला वाक्य द्यायचं होतं. मी आईला विचारलं, "काय लिहू?" ती पडदे उसवत होती, जोड लावायला. म्हणाली, "घडलं ते लिही. तांदूळ चुकीचा होता म्हणून मोदक फुटले, मग आम्ही कच्च्या तांदळापासून पुन्हा केले." मी इंग्रजीत तेच लिहिलं आणि शेवटी फ्रॉम स्क्रॅच जोडलं. मिसनी बरोबरची खूण केली आणि खाली लाल शाईनं प्रश्न विचारला, मोदक म्हणजे काय?

घरी येऊन मी तो आईला वाचून दाखवला. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. आई शिलाईच्या मशीनवर वाकली होती. तिनं दोरा दातानं तोडला, पडदा झटकला, खिडकीला लावून बघितला. तो बरोबर पुरला. "असं सांगून कसं कळणार त्यांना," ती म्हणाली. "म्हणावं, पुढच्या वर्षी डब्यातून पाठवीन."

बाबांचं वर्तमानपत्र लगेच खाली आलं नाही. पण मग हातावर हात चोळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडलं.